कोपऱ्यात उभा केलेला भाला

ही गोष्ट खरी आहे. जिच्या घरात घडली, ती बाई उगाच काही बोलणाऱ्यातली नाही. उलट चार शब्दांच्या जागी दोन वापरणारी. आणि तिने हे सांगितलं तेव्हाही आवाज चढवला नाही, डोळे मोठे केले नाहीत. भाजी निवडत निवडत सांगितलं.

भुताची गोष्ट म्हटली की रात्र लागते. इथे रात्र नाही.

इथे भर दुपार आहे. उन्हाने पांढरी झालेली गल्ली, समोर शिंप्याचं दुकान, आणि घराच्या मागच्या बाजूची एक लांबट खोली. खोलीला लाखेचा आणि मेणाचा वास. ही तिच्या बाबांची कामाची खोली.

बाबा जुनं लाकडी सामान दुरुस्त करायचे. मोडक्या खुर्च्या, पाय तुटलेली टेबलं, आवाज गेलेल्या पेट्या. माणूस बुटका. मुलगी त्यांच्यावर गेली नाही, आईवर गेली, आणि कॉलेजात जाईपर्यंत बाबा तिच्या जेमतेम कानाला लागायला लागले. कामाचं टेबल मात्र आधीच्या कोणा उंच सुताराचं. ते कापायचं बाबांच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक खोकं केलं. गुडघ्याएवढं, मजबूत, लाकडी. आयुष्यभर त्या खोक्यावर उभं राहून काम केलं.

"तुमच्या बाबांची उंची किती?" असं कोणी विचारलं की आई म्हणायची, "खोक्यासकट सांगू की खोकं सोडून?"

मुलगी ग्रंथालयात नोकरीला. लहानपणापासून पुस्तकात तोंड खुपसून बसलेली. बाबा तिला 'कसर' म्हणायचे. पुस्तकं खाते ना, ती कसर. घरात दुसऱ्या नावाने तिला कोणी हाक मारलीच नाही.

बाबांचा एक नियम होता. वस्तू काय काम करायची ते कळल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. एकदा कोणीतरी एक विचित्र चौकट आणून दिली. बाबांनी ती नुसती बघत महिनोन्महिने ठेवली. गिऱ्हाईक वैतागलं. बाबा म्हणाले, "अहो, तिला काय दुखतंय ते तिलाच माहीत. आधी ती कोण आहे ते तर कळू दे."

शेवटच्या वर्षी त्यांच्याकडे दोन भाले आले.

एक जुनं हॉटेल बंद पडलं. तिथलं सामान निघालं. बाबांनी दोन खुर्च्या घेतल्या, आणि त्यांच्याबरोबर हे भाले. हॉटेलच्या भिंतीवर ते फुलीसारखे लावलेले होते, शोभेला. आफ्रिकेतले, एवढंच सांगितलं गेलं. लांब इतके, की दारातून तिरके करून आत घ्यावे लागले. वर रुंद पानासारखं लोखंडी पातं. दांड्याला तांब्याच्या तारेचे वेढे. आणि बुडाशी लोखंडी शेंबी, काठीच्या टोकाला असते तशी, पण लांब आणि अणकुचीदार.

बाबांनी दोन्ही टेबलावर आडवे ठेवले. खोक्यावर उभे राहून बघत बसायचे. कधी भिंग लावून, कधी नुसता हात फिरवून.

"फेकायचे नाहीत हे," एक दिवस म्हणाले. "धारच नाही. आणि तोलही पुढे नाही."

"मग शोभेचे असतील," कसर म्हणाली.

"शोभेच्या वस्तूचा दांडा असा झिजत नाही गं. हाताने झिजलाय. खूप हातांनी. कशासाठी कोण जाणे." मग हसले. "तू शोध. पुस्तकं खातेस ना? खा जरा कामाची."

तिने हो म्हटलं. दोन-तीन पुस्तकं काढूनही आणली.

आणि एका सकाळी चहा अर्धा ठेवून बाबा गेले. ध्यानीमनी नसताना.

...

पुढचे दिवस माणसांचे होते. येणारे, बसणारे, उठणारे. मागच्या खोलीत सतरंज्या घातल्या, टेबल मोकळं करावं लागलं. धाकट्या भावाने एक भाला टेबलाखाली सरकवला. दुसरा तिथे मावेना. म्हणून त्याने तो खोलीच्या कोपऱ्यात उभा केला. शेंबी फरशीवर, पातं वर.

"ताई, बघ. पहारेकरी ठेवलाय," तो म्हणाला. डोळे सुजलेले, तरी थट्टा करायची सवय जाईना.

"पडेल कोणाच्या तरी अंगावर."

"नाही पडणार. बघ ना, कसा उभा राहिलाय. टेकवावासुद्धा लागला नाही नीट."

खरंच. भाला भिंतीला धरून नव्हता. कोपऱ्यात सरळ उभा होता.

मग माणसं पांगली. धाकटा त्याच्या गावी, त्याच्या नोकरीवर गेला. घरात आई आणि कसर उरल्या.

आई जेवेना. बोलेना. सांगितलं तर आंघोळ करायची, सांगितलं तर निजायची. घास तोंडात घेऊन तशीच बसायची, गिळायचं विसरून. डॉक्टर म्हणाले, अशाने त्या टिकणार नाहीत. कसर सकाळी ग्रंथालयात जायची, दुपारी परत यायची, आईसमोर ताट ठेवायची आणि तेच ताट उचलायची.

तिला स्वतःला रडू येत नव्हतं. हाताला काम हवं होतं. एका रविवारी तिने बाबांचा मेणाचा डबा काढला, फडकं घेतलं, आणि कोपऱ्यातला भाला पुसायला घेतला. शेंबीच्या खड्ड्यांत लाल माती वाळून बसली होती. कोण जाणे कुठली, किती जुनी. तिने ब्रशने ती खरवडून काढली. दांड्याला मेण लावलं, वरपासून खालपर्यंत, हळूहळू, बाबा लावायचे तसं. दांडा आरशासारखा झाला.

मग तिला बाबांचा नियम आठवला.

काम कळल्याशिवाय हात लावायचा नाही.

तिने फडकं खाली ठेवलं. पण आता काय, मेण लागलं होतं.

...

दुसऱ्या दिवशीची दुपार.

दोघी पुढच्या खोलीत जेवायला बसल्या होत्या. कसर जेवत होती, आई ताटाकडे बघत होती. समोरच्या शिंप्याचं मशीन चालू होतं. स्वयंपाकघरातला फ्रिज गुरगुरत होता.

आणि मग...

मशीन थांबलं.

फ्रिजही थांबला.

गल्लीत एक पोर रडत होतं, तेही गप्प झालं. जणू कोणी सगळ्या दुपारच्या तोंडावर हात ठेवला.

आणि मागच्या खोलीतून आवाज आला.

ठक.

लोखंड फरशीवर टेकवल्यासारखा. एकच.

मग फ्रिज गुरगुरायला लागला. मशीन चालू झालं. कसर उठून मागे गेली. खोलीत कोणी नव्हतं. भाला होता तिथेच होता. परत येऊन बघते तो आईने घास गिळला होता.

आणि दुसरा हातात घेतला होता.

पुढच्या दुपारी पुन्हा तेच. आधी सगळं गप्प. मग... ठक.

आई ताटावरून उठली, हात धुतला, आणि मागच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसली. बाबा काम करायचे तेव्हा ती ज्या खुर्चीवर बसायची, त्याच. कसर पुढच्या खोलीत भांडी आवरत होती. आत आईचा आवाज ऐकू आला.

"हो... जेवले ना."

मग शांतता.

"नाही, तो गेला परत. रजा नव्हती त्याला."

शांतता. फोनवर बोलताना पलीकडचं ऐकायला थांबतात ना, तेवढीच.

"इश्श, काहीतरीच."

आणि आई हसली.

कसरच्या हातातून वाटी निसटली. ती दारापाशी गेली. आई खुर्चीवर बसली होती. चेहरा कोपऱ्याकडे. कोपऱ्यात भाला.

बाकी कोणी नाही.

"कोणाशी बोलतेस आई?"

आईने वळून पाहिलं. मुलीने बावळटासारखा प्रश्न विचारल्यावर बघावं तसं. "कोणाशी म्हणजे? तुझ्या बाबांशी."

कसरने वाद घातला नाही. तुम्ही घातला असता? आई जेवत होती. केस विंचरत होती. संध्याकाळी गच्चीवर जाऊन कपडे काढत होती. आणि खरं सांगायचं तर कसरच्याही छातीतली एक गाठ सैल झाली होती. दुपार झाली की तीही कान देऊन बसायची. आवाज आला की मनात म्हणायची, आले.

तीही भाल्याच्या पुढ्यात जाऊन बसायची कधीकधी. तिला काही ऐकू यायचं नाही. पण मेणाचा वास जरा वाढल्यासारखा वाटायचा. एकदा उठताना बाबांच्या खोक्याला पाय आपटला. खोकं कोपऱ्यात आलं होतं. आईने पाय टेकायला ओढलं असेल, असं म्हणून तिने ते परत टेबलाखाली सरकवलं. मग रोजच सरकवायला लागली.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे.

पण एका संध्याकाळी उन्हाची तिरीप कोपऱ्यात आली. थेट भाल्यावर पडली. आणि कसरला दिसलं...

मेणावर डाग होता.

मेण लावलेल्या लाकडाला कोणी वारंवार धरलं की तिथली चमक मरते. सुतारकामाच्या घरात वाढलेल्या मुलीला हे कोणी सांगायला नको. डाग तळव्याएवढा होता. एका बाजूला अंगठा. दुसऱ्या बाजूला चार बोटं.

तिने आनंदाने हात पुढे केला. त्या डागावर हात ठेवायला.

आणि हात वर न्यावा लागला.

डाग तिच्या कपाळाच्या रेषेत होता.

ती तशीच उभी राहिली. बाबा तिच्या कानाला लागायचे. बाबांना तिथे धरायचं तर हात डोक्याच्या वर न्यावा लागला असता. भाला घेऊन असं कोणी उभं राहत नाही. भाला धरतात तो खांद्याच्या उंचीवर.

ज्याचा खांदा तिच्या कपाळाशी येतो, असा तो माणूस होता.

मग रोज दुपारी आई कोणाशी बोलत होती?

...

संग्रहालयात एक जुने जाणकार होते. गळ्यात दोरीने भिंग अडकवलेलं असायचं. बाबा त्यांना 'भिंगवाले' म्हणायचे. ते बाबांना 'खोकेवाले'. दोघांची थट्टा पिढीभर चाललेली. कसरने टेबलाखालचा आडवा भाला चादरीत गुंडाळला, शेजाऱ्यांच्या गाडीच्या टपावर बांधला आणि त्यांच्याकडे नेला. उभ्या भाल्याला हात लावायचं तिला धाडस झालं नाही.

भिंगवाल्यांनी पात्याकडे नजरही टाकली नाही. थेट बुडाशी जाऊन वाकले.

"पातं सगळेच बघतात," ते म्हणाले. "त्यालाही ते ठाऊक असतं. तोरा असतो त्याला. खरं काय ते बूड सांगतं."

बराच वेळ गेला. कधी तारेचे वेढे बघत, कधी दांडा नाकाशी नेऊन वास घेत. मग खुर्चीत बसले.

"मध्य आफ्रिका. मोठ्या नदीच्या खोऱ्यातलं जंगल. लोखंड तिथल्याच भट्टीतलं, पातं ठोकून केलेलं. दांडा बसतो त्या नळीची शिवण उघडी ठेवलीय बघा, झाळून जोडलेली नाही. तारेचे वेढेही तिकडचेच. पण हा भाला नेमका कोणत्या लोकांचा, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. चुकीच्या माणसांच्या गळ्यात वस्तू मारणं हे आमच्या धंद्यातलं पाप."

"आणि कशासाठी?"

"तुमच्या वडिलांचाही हाच प्रश्न होता. लढाईचा नाही. शिकारीचा नाही. हा उभा करायचा भाला आहे." त्यांनी शेंबीवर बोट ठेवलं. "पण गंमत बघा. ही शेंबी कोरी आहे. जमिनीत कधी गेलेलीच नाही. दांडा हाताळलेला आहे, पण आडवा धरून. म्हणजे हा जोडीतला आडवा. याचा जोडीदार कुठंय?"

"घरी."

"त्याच्या शेंबीला माती आहे?"

"होती. लाल. मी... साफ केली."

भिंगवाल्यांच्या हातातलं भिंग थांबलं.

"आणि आता तो कसा ठेवलाय? आडवा ना?"

कसर चादरीची घडी घालायला लागली.

"ताई, मी विचारतोय."

"उभा. कोपऱ्यात. बाबा गेले त्या दिवसापासून."

ते उठले. दार लोटून आले. मग हळू आवाजात बोलायला लागले.

"हे मी कुठे वाचलेलं नाही, हे आधीच सांगतो. तिकडे काम केलेल्या एका म्हाताऱ्याकडून ऐकलेलं. खरंखोटं तो जाणे. घरातलं माणूस गेलं की त्याच्या जागेवर एक भाला उभा करायचा. त्याची जागा एकदम रिकामी होऊ नये म्हणून. घरच्यांना सवय होईपर्यंत. दुसरा शेजारी आडवा ठेवायचा. उभ्याला आठवण राहावी म्हणून, की आपल्यालाही आडवं व्हायचंय. मग एक दिवस घरच्यांनी सांगायचं, आता पुरे. आणि उभा भाला निजवायचा."

"उभा असेपर्यंत काय होतं?"

"म्हणतात, धरणारा येतो."

"कोण?"

भिंगवाल्यांनी खांदे उडवले. पण नजर दिली नाही. "ज्याची जागा, तो. किंवा ज्याला जागा हवी असते, तो."

कसरच्या अंगावर सरसरून काटा आला.

"निजवा तो," ते म्हणाले. "आणि एकदा निजवल्यावर त्याच माणसासाठी परत उभा करू नका. तो म्हातारा हे तीन-तीनदा सांगायचा. पहिल्यांदा उभा करता तेव्हा एकालाच कळतं की इथे आपली जागा आहे. परत उभा केलात, तर सगळ्यांनाच कळतं की इथे जागा रिकामी आहे."

आडवा भाला तिने तिथेच ठेवला. भिंगवाले म्हणाले, तिकडच्या जाणकारांकडे पाठवतो, ज्यांचा आहे त्यांच्याकडे जाऊ दे. तिला ते पटलं.

...

दुसऱ्या दिवशी आई दुपारची खुर्चीवर जाऊन बसली, बोलली, हसली. कसर बाहेर भिंतीला टेकून उभी होती. आतला एकेक शब्द तिच्या काळजावर ओरखडा काढत होता. "हो ना, गुडघा दुखतोच." "तुम्ही नका काळजी करू." कोणाला सांगत होती ही आपलं दुखणं?

आई उठून आडवी व्हायला गेली. डोळा लागला. मग कसर आत शिरली.

खोलीत दमट मेणाचा वास होता. दुपार अजून गप्पच होती. मशीन चालू झालं नव्हतं.

म्हणजे... जो कोणी होता, तो अजून गेला नव्हता.

तिने दोन्ही हातांनी दांडा धरला.

"आता पुरे," ती म्हणाली. "ही जागा तुमची नाही."

भाला हलेना.

जड नव्हता तो. रुतलेलाही नव्हता. वरून कोणी धरलं होतं. तिने जोर लावला. ओढाताण झाली नाही, झटका बसला नाही. नुसतंच धरून ठेवलेलं. एखादी गोष्ट समजत नाही म्हणून माणूस क्षणभर थांबतो ना, तसं.

मग... सोडलं.

अगदी हळू. तिचा तोल जाणार नाही अशा बेताने.

फरशीवर लाकूड घासल्याचा एक बारीक आवाज झाला. तिने वळून पाहिलं नाही. भाला भिंतीशी आडवा केला आणि खोलीबाहेर आली. समोरचं मशीन चालू झालं. ती मोरीत गेली, नळ सोडला आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडली.

...

दुसऱ्या दुपारी आवाज आला नाही.

आई खुर्चीवर बसून राहिली. ऊन भिंतीवरून सरकत गेलं, विझलं.

"आज नाही आले," आई म्हणाली.

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी उठली नाही. परत सगळं पहिल्यासारखं झालं, उलट अधिक वाईट. आता ती ताटाकडेसुद्धा बघत नव्हती. डॉक्टर आले, सलाईन लावलं, बाहेर येऊन मान हलवली. धाकट्याचा फोन आला. "ताई, मी येऊ का गं? खरं सांग." तिने ये म्हटलं नाही. येऊ नकोसही म्हटलं नाही.

मग एका दुपारी आईने डोळे उघडले. तिच्याकडे बघत म्हणाली, "तू काही केलंस का गं?"

खोटं बोलणं कसरला जमलं असतं. पण आईच्या त्या नजरेपुढे जमलं नाही. तिने सगळं सांगितलं. भिंगवाले काय म्हणाले ते. भाला निजवला ते.

"आई, ते बाबा नव्हते गं. कोणी तरी परकं होतं. मी खूण पाहिली ना हाताची. इतकी उंच! बाबांचा हात तिथे..."

आई तिच्याकडे बघत राहिली. आणि तिच्या सुकलेल्या ओठांवर जुनं हसू आलं. थट्टेचं.

"खोक्यासकट की खोकं सोडून?"

कसरला कळेना.

"अगं वेडे, खोक्यावर उभे राहायचे ना ते. त्या खोलीत कधी जमिनीवर उभे राहिलेत का जन्मात? मी बसले की खोकं ओढायचे टेबलाखालून, चढायचे, मग तो भाला धरायचे. तू मेली, रोज खोकं परत आत सरकवून ठेवायचीस. म्हणायचे, कसरीला शिस्त फार."

कसर उठली. मागच्या खोलीत गेली.

खोकं कोपऱ्यात होतं. भाला उभा असायचा त्याला अगदी लागून. त्या दिवशी लाकूड घासल्याचा आवाज झाला होता तो... खोक्यावरून कोणी उतरल्याचा.

तिने बाबांना खोक्यावरून उतरवलं होतं. 'ही जागा तुमची नाही' म्हणून. आणि ते, तिचा तोल जाऊ नये म्हणून, सावकाश सोडून गेले होते.

आईच्या खोलीतून क्षीण आवाज आला. "रोज विचारायचे. कसरीला कळलं का गं, ते भाले कशासाठी आहेत?"

कळलं होतं. तिला कळलं होतं. सांगायचं तेवढं राहिलं.

...

तिने भिंगवाल्यांना फोन केला. आडवा भाला कालच गेला होता, पेटीत बंद होऊन, दूर.

"परत उभा करायचा विचार करू नका," ते म्हणाले. तिने काही न विचारताच.

"आई जाईल सर."

मग भिंगवाले म्हणाले, "तुमच्या वडिलांचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून सांगतो. नका करू." आणि फोन ठेवला.

तिने त्याच संध्याकाळी खोकं टेबलाखाली ठेवलं, नीट आत सरकवून, बाबांना सापडेल तिथे. मग भाला उचलला. मेण पुन्हा लावलं. आणि कोपऱ्यात उभा केला.

या वेळी तो सहज उभा राहिला नाही. भिंतीला टेकवावा लागला.

दुसऱ्या दुपारी आईला धरून धरून तिने खुर्चीवर आणून बसवलं. स्वतः शेजारी उभी राहिली. दोघींचे डोळे कोपऱ्याकडे.

मशीन थांबलं. फ्रिज थांबला. गल्ली गप्प झाली.

यापूर्वी अशी शांतता यायची ती एखादं दार लागल्यासारखी. आज ती उघडल्यासारखी आली.

आणि मग...

ठक.

घरभर. फरशीतून तळपायांत चढलेला. ताटाळ्यातली भांडी किणकिणली.

आईचा चेहरा उजळला. "आलात?" ती म्हणाली. तिचा हात पुढे झाला. "किती दिवस लावलेत!"

कसरने टेबलाखाली पाहिलं.

खोकं हललं नव्हतं.

आई बोलत राहिली. पूर्वीसारखीच, पण मध्ये थांबत नव्हती. ऐकण्यासाठी थांबायची, ती जागा आता उरली नव्हती. शेवटी म्हणाली, "आज काही बोलत नाहीत. ऐकतायत मात्र सगळं."

त्या संध्याकाळी तिरीप आली तेव्हा कसरने दांडा पाहिला. कपाळाच्या रेषेत काही नव्हतं. मेण चकचकीत होतं. तिने नजर वर नेली. आणखी वर.

डाग पात्याच्या अगदी खाली होता. टाचा उंचावूनही तिचा हात तिथे पोचला नाही. तिला खोकं ओढावं लागलं.

आणि बोटं... चारच होती, पण तिच्या बोटांच्या दुप्पट लांब. पूर्ण दांड्याला वळसा घालून परत अंगठ्यापर्यंत आलेली.

तिने फडक्याने तो डाग पुसला. मेण लावलं. खोकं जागेवर ठेवलं. स्वयंपाकघरात आली. आई ताट घेऊन बसली होती. जेवत होती.

...

हे सगळं तिने भाजी निवडता निवडता सांगितलं, ते याच घरात. पुढच्या खोलीत. आई आता बरी आहे. अंगावर मांस चढलंय. धाकटा येऊन बघून गेला, खूश झाला. म्हणाला, "ताई, तू जादू केलीस."

"मग तो भाला निजवत का नाहीस परत?" असं कोणीही विचारेल.

तिने हातातली शेंग मोडली. "कोणाला सांगू, आता पुरे म्हणून? पहिल्यांदा ज्यांना सांगितलं, ते ऐकणारे होते."

बोलता बोलता समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. तिने निवडलेली भाजी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले. आतून आईची हाक आली.

"कसरे... आले का गं?"

ती उत्तर द्यायच्या आधी उठते. रोज उठते. मागच्या खोलीच्या दारात जाते आणि खाली वाकून आधी टेबलाखाली बघते.

मग म्हणते, "हो आई. आले."

खोकं टेबलाखालीच असतं.